पान चारशे बारावरची टीप

जुळे सोलापूर,
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय दिपा,

आशीर्वाद. गुडघे सोडले तर आई बरी आहे. यंदा तू आली नाहीस, राखीही नाही. नुसतं पुस्तक आलं. तुझ्या चनबसप्पा सरांचे लहानमोठे लेख, तूच गोळा करून छापलेले, पाचशे पानं. सोबत तुझ्या हातची एक ओळ नाही. म्हटलं, बाईसाहेब रुसल्या वाटतं.

तत्त्वज्ञान म्हटलं की माझं डोकं बंद पडतं, तुला ठाऊकच आहे. आठ दिवस पुस्तक टीव्हीजवळ पडून होतं. मग सगळ्यात छोटा लेख शोधला, दीड पानाचा. धनगर मेंढरं मोजत नाही, कळपाकडं बघितलं की कुठलं नाही ते त्याला दिसतं. मग जे नाहीच, ते दिसतं म्हणजे काय? एवढंच. उत्तर दिलेलंच नाही. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "ह्या मास्तरानं मेंढरं राखल्यात व्हय?"

आता रोज जेवण झालं की एक लेख. निम्मं डोक्यावरून जातं, पण माणूस लई मोठा होता गं. कुठं आव नाही, शिकवायची घाई नाही. आणि मोहोळला सासरी दोन पोरं सांभाळत चाळिशीत एम.ए. करून त्यांचे कागद लावणारी तू! अभिमान वाटतो. कधी बोललो नाही, आज लिहितो.

शेवटी पत्रं आहेत. ती मी मुद्दाम लांबवत होतो. पान चारशे बारा परवा वाचलं. 'एका विद्यार्थिनीच्या वडिलांस, २००२.' मुलीला पुण्याला पाठवा, ती माझ्याही पुढं जाईल, असं सरांनी आपल्या अण्णांना लिहिलेलं. सरांनी नक्कल ठेवली होती म्हणायची. खाली तुझी टीप: 'हे पत्र पोचले नसावे.'

'वडिलांना लिहितो' असं सर तुला म्हणाले होते. महिनाभर तू पोस्टमनला विचारायचीस. मग आपण सरांना लायक वाटलो नाही असं धरून मोहोळच्या स्थळाला हो म्हणालीस. मी समोरच बसलो होतो.

अण्णांनी तुला पाठवलं असतं. मी बारावीला दोनदा आपटलो होतो. जळलो, दुसरं काही नाही.

दुपारचं टपाल मीच घ्यायचो, हे तुला टीप लिहिताना आठवलं असणारच. तरी माझं नाव घातलं नाहीस.

पुढच्या आवृत्तीत टीप दुरुस्त कर. पत्र पोचलं होतं. मी चुलीत घातलं. नाव पूर्ण छाप.

सिद्धराम बिरप्पा वाघमोडे