चंद्र, माझं मन आणि ॲलन

६ नोव्हेंबर
काल ॲलनवर ओरडलो. मरोळचा मुलगा, ख्रिस्ती, घरी मराठीच बोलतात. माझ्या लेकीला, पूर्वीला, त्याच्याशी लग्न करायचंय. तो चहा नको म्हणाला, एवढंच निमित्त. पण काल पौर्णिमा. समुद्राला भरती येते, तर मनाला का येणार नाही? शिवाय उपवास होता, म्हणजे मन शुद्धच होतं. दोष चंद्राचा. पूर्वी म्हणाली, बाबा, पुन्हा ओरडलात ना, तर आम्ही रजिस्टर लग्न करू आणि तुम्हाला फोटो व्हॉट्सॲप करू.

१५ नोव्हेंबर
एकादशी. दिवसभर पाण्यावर. चंद्र अगदी बारीक, तरी रिक्षावाल्याशी भांडलो. बारीक चंद्राचा जोर कमी समजू नये.

२२ नोव्हेंबर
ठरलं. ॲलनला संकष्टीला बोलवायचं. त्या दिवशी रविवार आहे आणि उपवासामुळे चंद्रोदयापर्यंत मन ताब्यात राहील. बायको, रेवती, म्हणाली, अहो, जेवलेल्या दिवशी बोलवा की. तिला शास्त्र कळत नाही.

७ डिसेंबर, सकाळ
संकष्टी. मन तळ्यासारखं शांत.

दुपारी चार
रेवती मोदक करतेय. तिला स्वयंपाकघराचं दार लावायला सांगितलं. जरा मोठ्याने.

रात्री
ॲलन सातला आला. मी प्रेमाने चौकशी केली. तो म्हणाला, अंकल, टेन्शन नका घेऊ. कोण घेतंय टेन्शन, असं मी विचारलं. समोरच्यांनी दार उघडून पाहिलं. पूर्वीने पर्स उचलली. तेवढ्यात ॲलन गच्चीवर पळाला आणि तिथून फोन केला: अंकल, चंद्र आला, टॉवरच्या मागे दिसतोय! घड्याळ बघायचं भान राहिलं नाही. नैवेद्य दाखवला. तिसऱ्या मोदकाला मी लग्नाला हो म्हणालो. पाचव्याला ॲलनच्या आईला फोन लावला. चर्चमध्येही येतो म्हटलं. चंद्र उगवताच मन कसं निवळलं! सिद्धांत सिद्ध.

८ डिसेंबर
रेवतीला सिद्धांत समजावला. ती हसत सुटली. म्हणाली, चंद्रोदय साडेआठनंतर होता. तुम्ही साडेसातला जेवलात. ॲलनने दाखवला तो क्रेनवरचा दिवा. नंतर स्वयंपाकघरात येऊन त्याने या थापेबद्दल माझी माफी मागितली, मी त्याला दोन मोदक जास्त वाढले, असंही ती म्हणाली.
देवाची क्षमा मागितली. मग शांतपणे म्हटलं, लग्नाची तिथी तरी चंद्र बघून काढू. रेवती म्हणाली, कुठलीही काढा. कन्यादानाचा उपवास मी एकटी करीन. तुम्ही सकाळीच जेवून घ्यायचं.