मागे घेताना

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडेही तसंच असेल असं धरून चालतो. फोन सोडून याला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. एक तर सोबतचा फॉर्म पोस्टानेच पाठवायचा होता. दुसरं म्हणजे फोनवर तू मध्येच "जेवलास का?" विचारतेस आणि माझा मूळ मुद्दा वाहून जातो.

तर मुद्दा असा. बोकड देऊन टाकावा म्हणतो. भाऊजींनी त्या पिकअपला बोकड नाव ठेवलं ते उगाच नव्हतं, चारही चाकांनी ओढत ती अजून डोंगर चढते. पण क्लच दर दोन महिन्यांनी रुसतो, आणि माझी कंबर त्याच्याही आधी. गाड्यांचा एक दलाल भेटलाय, बोलायला इतका गोड की ऐकताना दात किडावेत. तो पिकअप घेऊन बदल्यात सहाचाकी ट्रक द्यायला तयार आहे. ट्रक आला की डोंगर बंद. या गोदामातून माल उचलायचा, त्या गोदामात टाकायचा, सगळा सपाट डांबरी रस्ता. भाऊजींचा वाटा तुझ्या नावावर आला असल्यामुळे तुझी सही लागते. जिथे पेन्सिलीने फुली केलीय तिथे कर. महिनाअखेरपर्यंत त्याला कळवायचंय.

अडचण एकच. वरच्या खाणीजवळच्या वस्तीत चाळीसेक घरं आहेत आणि तिथवर दुसरी कुठलीच गाडी जात नाही. सिलिंडर, पाण्याची पिंपं, सिमेंट, आजारी माणूस, सगळं बोकडावरच चढतं-उतरतं. तिथल्या नर्सबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आता बाळंतिणी काय झोळीत घालून उतरवायच्या?" मी हसण्यावारी नेलं. तशी वस्तीवाल्यांना माझी फार किंमत आहे असंही नाही. हल्ली त्यांनी माझं नाव सरळ्या ठेवलंय. मी गाडी मागे घेत नाही ना, म्हणून. वरच्या मैदानात गोल वळवून उभी करतो आणि तिथून पुढे सामान त्यांना हातांनी न्यायला लावतो. मान आखडते, मागे वळून बघता येत नाही, दुसरं काही नाही.

भाचीला सांग, मामाने विचारलंय. सही लवकर पाठव.

तुझा धाकटा

१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. फॉर्म मात्र त्यात नव्हता. फॉर्मच्या जागी तुझा प्रश्न होता.

तू विचारतेस, "मोठी गाडी तर ह्यांना हवी होती. तूच नको नको म्हणत होतास. मग दोन वर्षांत असं काय बदललं?" बरोबर आहे, मी नको म्हणत होतो. तेव्हा माझं वय कमी होतं आणि मस्ती जास्त होती. डोंगर चढणारा मी एकटाच, याचा मला तोरा होता. आता तोही उतरलाय. एवढंच बदललंय, असं समज.

बुटांबद्दल लिहिलंस ते वाचून मात्र चहा थंड झाला माझा. तू अजून तिथेच आहेस हे मला ठाऊक नव्हतं. भाऊजींनी दोनदा सांगूनही तू बूट चांभाराकडे टाकले नाहीस, तळवे गुळगुळीत झाले होते, म्हणून खाणीच्या काठावर पाय घसरला, म्हणून ते गेले, असा हिशोब तू मांडून बसली आहेस. असं करू नकोस गं. लोक अशा वेळी ज्याची त्याची वेळ असते वगैरे म्हणतात, तेच मीही म्हणतो. मला याहून चांगलं सुचत नाही.

ट्रकचं सांगायचं राहिलं. परवा दलालाच्या आवारात चालवून बघितला. पुढे जायला फार छान. उंच बसल्यामुळे सगळं जग खाली दिसतं, स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. दोन फेऱ्या मारल्या. मग जागेवर लावायला मागे घ्यावा लागला. दलालाचा माणूस मागे जाऊन उभा राहिला आणि रीतीप्रमाणे ओरडायला लागला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. चक्कर आली म्हणून सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. ट्रक मग त्या माणसानेच लावला. पित्त असेल, काळजी करू नकोस.

सही पाठव. यापुढे कारण विचारू नकोस, ताई.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

ताई,

तुझी सही झालेला फॉर्म समोर पडलाय. सोबत चार ओळी. "तुला योग्य वाटेल ते कर, माझा तुझ्यावर विश्वास आहे." आणि खाली, जाता जाता लिहावं तसं, की तू रोज सकाळी भाचीचे बूट उलटे करून तळवे तपासतेस आणि काल तिने चिडून ते अंगणात भिरकावले.

हा फॉर्म उद्या नेऊन दिला की परवा बोकड जाईल. दलाल आधी मागच्या फळीचा पोचा काढणार, मग रंग मारणार, मग कुठेतरी लांब विकणार. पोचा कशाने आला, असं त्याने विचारलं तेव्हा मी दगड लागला म्हणालो. मला ट्रक नकोच होता. मला तो पोचा जायला हवा होता. ट्रकही चालवता येणार नाही हे दलालाच्या आवारात कळलं, तरी मी तुझ्याकडे सही मागतच राहिलो. आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

त्या सकाळी आमचं भांडण झालं. विषय हाच, मोठी गाडी. भाऊजी म्हणाले, "कंबर गेली रे माझी. ट्रक घेऊ, सपाटीवर धंदा करू, संध्याकाळी घरी तरी पोचू." मी म्हणालो, "तुम्हाला डोंगर झेपत नसेल तर घरी बसा, मी एकटा चालवतो." ताई, त्यांच्या वयाच्या माणसाला मी हे म्हणालो. पुढचा तासभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

वर पोचलो तेव्हा खाणीचा भोंगा होऊन माणसं जेवायला खाली गेली होती. पाण्याची मोठी टाकी आणली होती. ती काठावरच्या खांबाला बांधून कप्पीने खाली सोडायची, म्हणून गाडी मागे मागे घेत खांबापर्यंत न्यायची. टाकीमुळे मागचं काही दिसत नव्हतं. भाऊजी मागे जायला उतरले.

मागे घेताना काच खाली, हा त्यांचा नियम होता. तो का, ते तुला वेगळं सांगायला नको. त्या माणसाच्या तोंडून "थांब" कधी निघायचं नाही. दुसऱ्यांदा भात वाढायला गेलीस की राहू दे, कुणी भांडायला आलं की राहू दे, गाडी थांबवायची असली तरी राहू दे. मी कितीदा सांगितलं, भाऊजी, गाडीला असं अदबीने बोलायचं नसतं. त्यावर ते हसायचे. काच खाली असली की येऊ दे आणि राहू दे वेगळं ऐकू यायचं. वर असली की इंजिनच्या आवाजात नुसतं "ऊ दे, ऊ दे" यायचं.

मी काच वर केली होती. रागाने. जाताना त्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं आणि हात खाली करून दाखवला. मला दिसलं, ताई. मी समोर बघत राहिलो.

"ऊ दे" ऐकू आलं. मी येऊ दे असं धरलं. परत आलं, जरा जोरात. मी आणखी घेतली. फळी खांबाला टेकली आणि गाडी अडली. ते मध्ये होते. मी घाबरून पुढे घेतली आणि मागून काहीच आवाज आला नाही, कारण पुढे घेतल्यावर ते काठावरून खाली गेले होते.

माणसं धावत वर आली तेव्हा मी खांबापाशी बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "घसरले का?" मी मान हलवली. मग विचारलं, "कसे?" मी म्हणालो, बुटाचे तळवे गेले होते. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. तेव्हा तोंडात आलं ते बोलून गेलो. ते शब्द जाऊन तुझ्या मानेवर बसतील, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. नंतर ते तिथे बसलेत असा संशय आला, तरी मी गप्प राहिलो. तुझ्याकडे आलो की त्या विषयावर बोलायचं टाळलं आणि घरी आल्यावर सुटलो म्हणून झोपलो. हे पहिल्याहून वाईट आहे, मला कळतं.

त्यांचा पाय घसरला नव्हता. ते दोन्ही पायांवर घट्ट उभे होते. तुझ्या विसरण्याने काहीही झालेलं नाही. मुलीचे बूट तपासणं आजपासून बंद कर.

फॉर्म परत पाठवतोय, माझी सही केलेली नाही. बोकड इथेच राहील, पोच्यासकट. कारण तो पोलिसांना दाखवावा लागेल. वस्तीत नर्सबाईंना सांगून आलोय की पुढच्या आठवड्यापासून माझी फेरी होणार नाही, दुसरी सोय बघा. त्या एवढंच म्हणाल्या, "या दिवसांत दोघी अवघडलेल्या आहेत."

रविवारी सकाळी दहाला मी तुझ्या दारात उभा असेन. तोवर हे पत्र तुला मिळालेलं असेल. दार उघडलंस तर जे म्हणशील ते ऐकेन, मारलंस तर मार खाईन. नाही उघडलंस तर अर्धा तास थांबून निघेन. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तिथून सरळ चौकीत जाणार आहे, तेव्हा मला वाचवावं की नाही असा विचार करत बसू नकोस. मी माफी मागत नाही. तुझ्याकडून आधीच खूप काही घेऊन झालंय.

तुझ्या नवऱ्याला मारणारा,
तुझा भाऊ