झाकणावरची नावं

४ मार्च २०२०
आले एकदाची रत्नागिरीत! मी कराडची, समुद्र फक्त शाळेच्या सहलीत पाहिलेला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी आणि लॅबच्या मागेच तुळसाकाकूंकडे वरची खोली. काकूंचा मुलगा सर्वेश बोटीवर, घरात त्या एकट्याच. पहिल्याच दिवशी ताटात बांगडा वाढून म्हणाल्या, खा गो बाय, नुसती हाडं घेऊन आलीयस. भलत्याच आवडल्या मला.

१८ मार्च
काकूंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासणीला आमच्याकडेच आला. तो टिकावा म्हणून मीच फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवला. इथे नावाची चिठ्ठी बाटलीवर नाही, झाकणावर चिकटवतात. ट्रेमध्ये वरून बघितलं की नाव दिसतं. सोयीचं आहे. सध्या दोनच बाटल्या आहेत, काकूंची आणि पावस गावच्या शिक्षिका कमलाबाईंची, त्यांचीही छातीतलीच गाठ. तपासणारे डॉक्टर कोल्हापूरहून रविवारी येतात. काकूंना म्हटलं, तोवर निवांत झोपा.

२९ मार्च
लॉकडाऊन, घाट बंद. डॉक्टर तिकडे, तुकडे इकडे. मालकांनी सगळ्यांना कोरोनाच्या कामाला जुंपलंय. काकू रोज विचारतात. आज वैतागून म्हटलं, वाईट काही असतं तर इतकं कुणी थांबलं असतं का? त्यांना पटलं. थापा छान मारते मी.

१६ मे
काय हा उकाडा! बाटल्यांतलं फॉर्मॅलिन उडालंय, तुकडे वाळले तर वाया जातील. म्हणून दोन्ही झाकणं काढून भर घातली. तेवढ्यात मालकांनी बाहेर बोलावलं. परत येऊन बघते तर सफाईच्या चिमाबाईंनी टेबल पुसून झाकणं एकावर एक रचून ठेवलेली! अशी तणतणले त्यांच्यावर. शेवटी अंदाजानं लावली. काकूंचा तुकडा जरा मोठा होता. बहुतेक.

१२ जुलै
अखेर डॉक्टर आले. काकूंची गाठ साधी. कमलाबाईंना कॅन्सर. मी धावत जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, सर्वेशला फोन लावून रडल्या आणि मुंबईच्या हॉस्पिटलात मोठ्या मिनतवारीनं मिळालेली वेळ रद्द केली. कमलाबाईंनाही मीच कळवलं. त्यांनी मिरजेच्या हॉस्पिटलचा नंबर मागितला. झाकणं आठवली, पण म्हटलं, मरू दे, माझा अंदाज चुकत नाही.

६ सप्टेंबर
घरात वास येतो. कुजका, सुकटीचा डबा उघडा राहिल्यासारखा. काकू म्हणतात, तुझ्या कपड्यांचाच असेल गो. हल्ली उदबत्त्या फार लावतात.

२ ऑक्टोबर
कमलाबाईंच्या यजमानांचा फोन. मिरजेला स्तन काढला, पूर्ण तपासला. आत काहीच सापडलं नाही. भांडत नव्हते, नुसतं विचारत होते, असं कसं हो? मी म्हटलं, नशीब समजा, वेळेत काढलात.
फोन ठेवला आणि ती झाकणं आठवली.

३ ऑक्टोबर
म्हणजे कॅन्सरवाली बाटली काकूंची. आजच सांगायला हवं.
आज नको. सर्वेशशी बोलताना हसत होत्या. शिवाय माझी नोकरी —

९ ऑक्टोबर
मालकांना सांगितलं. चिमाबाईंनी झाकणं बदलली, म्हटलं. मालकांनी बाईंना कामावरून काढून टाकलं. काकूंना तूच कळव, असं मालक म्हणाले. कळवते म्हटलं.

१५ ऑक्टोबर
नाही कळवलं. काकूंचा डावा हात सुजलाय. बांगडी कापून काढली. मी डॉक्टरकडे जायचं नाव काढलं तर म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आलाय ना गो, मग कशाला —
भीती वाटते. त्यांच्या हातचं जेवण जात नाही.

१ नोव्हेंबर
आता वास जिन्यावर. खोलीत. उशीला.

२ नोव्हेंबर
काकूंनी खाली बोलावलं. परक्या डॉक्टरपुढे लाज वाटते, तू लॅबातली, तूच बघ, म्हणाल्या. पदर बाजूला केला. कपडा चिकटला होता, त्यांनी ओढला —
तिथे काही उरलेलंच नाही. खड्डा. आतून ओला.
आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. साधी गाठच ना गो? मलम लावून दे.
पळत वर आले. कडी लावलीय.
जिन्यावर पाय वाजतायत. दाराशी आल्या. म्हणतायत, रागावलीस काय गो, बाय? साधीच आहे एवढं एकदा परत सांग, म्हणजे मी जाते.
आतूनच ओरडले, होय काकू, साधीच.
त्या जात नाहीत. परत विचारतायत. मी परत तेच सांगितलं, साधीच, साधीच. त्या रडायला लागल्या, आनंदानं, आणि आता दार ढकलतायत, कडी निघतेय —