सहा पडदे

दि. ९ मार्च
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. आधी ‘साष्टांग’ लिहिणार होते, पण तू म्हणशील, ठमीला एवढं वाकायला कधीपासून जमायला लागलं? म्हणून साधाच करते. तुझी तब्येत कशी आहे? वहिनीचे गुडघे? आम्ही सगळे बरे आहोत. तुझी भाची उंचीला माझ्या वर गेली आणि बोलण्यात त्याच्याही वर.

मला तीन महिन्यांचं काम मिळालंय. शहरात एक पाहणी चालू आहे. दारोदार जायचं आणि विचारायचं, गरिबी कशामुळे येते असं तुम्हाला वाटतं? अडचणीत शेजारी धावून येतात का? माणसात कोणता गुण सगळ्यात मोठा? असे छत्तीस प्रश्न. आपण मत द्यायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. आणि हे काम कोणाला दिलंय, तर जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिला.

एक गंमत सांगते. चारशे घरं झाली, पण या शहरात मला अजून एकही गरीब सापडलेला नाही. मोठ्या इमारतीतले म्हणतात, गरीब मागच्या गल्लीत राहतात. मागच्या गल्लीतले म्हणतात, आमचं बरं चाललंय, पुलापलीकडे बघा. पुलापलीकडे पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसं होती. तिथल्या बाईनं मला घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, ‘गरीब म्हणजे ती शेजारची म्हातारी. तिला कोणीच नाही. आमच्यातलं थोडं देतो आम्ही रोज.’ पुढे ‘गेल्या वर्षात कोणाला मदत केलीत का’ या प्रश्नाला तिनं सरळ ‘नाही’ सांगितलं. मी पुन्हा विचारलं, तर म्हणे, ‘त्यात कसली आलीय मदत?’ त्याच प्रश्नावर एका निवृत्त साहेबांनी माझा अर्धा तास घेतला. पाणी मात्र शेवटपर्यंत विचारलं नाही.

परवा एका इस्त्रीवाल्या काकांकडे गेले. हातातलं काम न थांबवता उत्तरं देत होते. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. तुझ्यासारखंच. मी त्यांना गुणांची यादी वाचून दाखवली, प्रामाणिकपणा, कष्ट, शिस्त, दानत. ते म्हणाले, ‘दुसऱ्याची लाज राखणं. ते नाही का तुमच्या कागदात?’ नव्हतं. मी ‘इतर’ या रकान्यात लिहायला घेतलं आणि हात थांबला. काका म्हणाले, ‘काय पोरी, पेन संपलं का?’ मी हो म्हटलं.

दादा, पान भरून इकडचं तिकडचं लिहिलं. ज्यासाठी बसले ते आता लिहिते.

सात वर्षांपूर्वी आम्ही या घरात आलो, तेव्हा सोसायटीच्या कमिटीची माणसं बाहेरच्या खोलीत बसली होती. तू दारात उभा राहिलास. दोन्ही हातांवर सहा पडदे आडवे घेतलेले. घडी मोडू नये म्हणून बसमध्ये उभाच आला असशील. सेक्रेटरीणबाईंनी विचारलं, ‘हे कोण?’ आणि मी म्हणाले, ‘लॉन्ड्रीवाले आहेत, पडदे घेऊन आलेत.’

तू ऐकलंस. स्टूल मागितलंस, सहाच्या सहा पडदे लावलेस, चुण्या हातानं सारख्या केल्यास. जाताना मान खाली घालून मला म्हणालास, ‘येतो, मॅडम.’ माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. हे बाजारातून आले आणि विचारलं, ‘दादा जेवले का?’ मी म्हटलं, त्याला घाई होती.

त्यानंतर मी फोन केला की वहिनी म्हणते, दुकानात आहेत. बरोबरच आहे. दुकानातच असणार तू. आठवीत शाळा सोडलीस तेव्हापासून तिथेच आहेस, कारण दोघांना शिकवणं घराला झेपत नव्हतं आणि तू म्हणालास, ठमीला डोकं आहे. माझा गणवेश एकच होता आणि काखेत रफू केलेला. तू रोज सकाळी अशी इस्त्री करायचास की रफू कोणाला दिसू नये. शाळेतल्या बाई मला पुढे उभं करून म्हणायच्या, टापटीप अशी असावी. मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं की मी टापटीप आहे. याबद्दल मी तुझे आभार कधीच मानले नाहीत. आज मानते. फार उशिरा मानते, पण अगदी मनापासून.

सोबतचा कागद बघ. ट्रेनिंगमध्ये सरावासाठी आम्ही एकमेकींची उत्तरं लिहून घेतली होती. ते फॉर्म नंतर फाडायचे होते. माझा चुकून खऱ्या गठ्ठ्यात गेला आणि गुरुवारी सुपरवायझर बाईंना सापडला. ‘लहानपणी गरिबी अनुभवली का?’ नाही. ‘अडचणीत कोणी साथ दिली? नातं लिहा.’ कोणी नाही. खाली माझी सही. बाई म्हणाल्या, ‘सरावाचा आहे, फाडून टाका.’ मी म्हटलं, आधी दुरुस्त करते. त्या बघतच राहिल्या. आमच्याकडे नियम आहे, चुकीच्या उत्तरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तशाच दोन रेघा मारल्यात. शेजारी काय लिहिलंय ते तूच वाच. हा फॉर्म पाहणीत धरला जाणार नाही, म्हणून बाईंना विचारून तुला पाठवते आहे.

काल मुद्दाम सेक्रेटरीणबाईंकडे गेले. उभ्या उभ्याच सांगून टाकलं की सात वर्षांपूर्वी पडदे घेऊन आलेले ते लॉन्ड्रीवाले माझे सख्खे मोठे भाऊ. आता या नाक मुरडणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी जरा आठवून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, मग तेव्हा ते जेवायला का नाही बसले?’

छत्तीस प्रश्न घेऊन मी गावभर फिरते, दादा. या एकाचं उत्तर मला देता आलं नाही. घरी येऊन खूप रडले.

येत्या रविवारी ये. वहिनीला घेऊन ये. पडदे मी उतरवून धुतलेत आणि पुन्हा लावलेत, चुरगळलेले आहेत. तू त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हातात काही न घेता यायचं आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसायचं. सेक्रेटरीणबाईंनाही बोलावलंय. तू नाही आलास तरी मी रागावणार नाही, तो हक्क मी गमावला. पण आलास तर दार मी उघडेन, आणि हे कोण, ते कोणी विचारायच्या आत सांगेन.

लॉन्ड्रीवाल्या दादाची सख्खी बहीण,
ठमी