जाईकाकूंच्या विळीचं पातं

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी मुलाखत घेतली तर तारखा लागतील.
डिप्लोमा सोडून सहा आठवडे झाले. सोडला. काढलं नाही. वर्कशॉपच्या सरांनी मी कानशीने घासून केलेला फायलिंगचा जॉब सगळ्या बॅचसमोर वर धरला आणि हे नेमकं काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, तुमच्या डोक्याच्या मापाचं झाकण आहे. मग माफीनामा लिहून दे म्हणाले. मी राजीनामा लिहून दिला. आई म्हणते विद्यार्थ्याला राजीनामा देता येत नाही. मी दिला.
प्लॅन पक्का: माझ्याच नावाने, संघर्ष फोर्ज. घरच्या घरी लोहारकाम. बाहेरच्या देशांत लोक गॅरेजमध्ये सुऱ्या-कुऱ्हाडी घडवतात, व्हिडिओ लाखो लोक बघतात. मोशी ते चाकण एवढं लोखंड ठोकलं जातं, पण सगळं कंपनीसाठी. स्वतःच्या हाताने, मनापासून, कोणीच नाही.
पप्पा चाकणला फोर्जिंगच्या कंपनीत सव्वीस वर्षं हॅमरवर आहेत. पण ते ऑपरेटरचं काम. मशीन मारतं, हे धरतात. त्यात कला नाही. शिवाय हॅमरच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेलाय, त्यामुळे चर्चा होत नाही.

४ फेब्रुवारी
पहिली खरेदी: अक्षरं ठोकायचे पंच, ए टू झेड. हातोडा नंतर. आधी ब्रँड.
प्रॅक्टिस म्हणून SANGHARSH ठोकलं: कुलूप, बादलीची कडी, गॅलरीचा गज, आईचा तवा. लाईन एकदम सरळ आली. भाकरीवर नाव उलटं उठतं. आईने ती भाकरी मलाच वाढली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
भट्टी तयार. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ट्रकचा ब्रेक ड्रम, खाली पाईप, हवेसाठी घरच्या कूलरचा फॅन. आत्ता थंडी आहे, कूलर कोणाला लागतोय. कोळसा इस्त्रीवाल्याकडून. ऐरण म्हणून भंगारातला रुळाचा तुकडा. सांडस मिळाली नाही, आईची सांडशी घेतली.
पप्पांची आज सुट्टी. शेडमध्ये आले, भट्टीभोवती एक चक्कर मारली, फॅन दोन इंच खाली सरकवला आणि निघून गेले. मी परत होता तिथे ठेवला. प्रत्येक गोष्टीत बोट घालायची सवय.

७ फेब्रुवारी. सकाळी ७.२५
दीक्षाविषयी एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपला.
समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. निघोज्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनीच्या बससाठी ७.१० ला आमच्या शेडसमोरून जाते. मी भट्टी ७.०५ ला पेटवतो. सकाळच्या हवेत कोळसा चांगला धरतो म्हणून.
काल तिने स्वतःहून मेसेज केला: "धूर आमच्या गॅलरीत येतोय." स्वतःहून.

११ फेब्रुवारी
पहिली सुरी पूर्ण. बांधकामावरच्या सळईची. चार दिवस. दीक्षाला रस्त्यातच दाखवली. तिने पर्समधून छोटी कानस काढली (क्वालिटीवाल्यांच्या पर्समध्ये असते म्हणे) आणि धारेवर ओढली. भुगा पडला. म्हणाली, सळईत कार्बनच नसतो, कितीही तापवून पाण्यात बुडव, कडक होणार नाही, लोणी लावायला वापर.
थोडा राग आला. पण कार्बनवर ती सलग चार मिनिटं बोलली. बस चुकत होती तरी. दुसऱ्या कोणाशी एवढं बोलते का? नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
संधी.
दीक्षाची आई, जाईकाकू, कंपनीतल्या पोरांना डबे देतात. रोज तीस. सगळं विळीवर चिरतात. आज आमच्या आईला सांगत होत्या की विळीची धार गेली, पातं पाटावर हलतं, हल्ली धारवालाही फिरकत नाही. मी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन सांगितलं की विळी माझ्याकडे द्या. नुसती धार नाही, तापवून पाणी देऊन पूर्ण हीट ट्रीटमेंट. चार दिवस.
त्या लगेच देईनात. परभणीकडची विळी, त्यांच्या आईची, गावच्या लोहाराने घडवलेली. शेवटी पातं पाटावरून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. "जपून रे लेकरा. आईची तेवढीच एक वस्तू आहे माझ्याकडं."
मी म्हणालो, काकू, आता ती माझीच समजा.
बोलताना 'माझीच' म्हणजे पुढच्या नात्याचा विचार माझ्या डोक्यात होता. त्यांच्याही असावा.

१६ फेब्रुवारी, रविवार
मित्राला, सनीला, व्हिडिओ शूटिंगला बोलावलं. त्याची सेकंड शिफ्ट होती, वेळ होता.
हिशोब सोपा: जेवढी उष्णता जास्त तेवढी ताकद जास्त. फॅन फुल्ल. पातं लाल झालं, नारंगी झालं, पिवळं झालं. मी थांबलो नाही. पांढरंशुभ्र. मग त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. सनी म्हणाला, भावा, काय सीन आलाय.
सांडशीने बाहेर काढलं तर अर्धंच आलं. उरलेलं भट्टीत.
डिझाइन बदलावं लागेल.

१७ फेब्रुवारी
उरलेला तुकडा ऐरणीवर ठोकला. बिस्किटासारखा फुटला, हातात एक जळका तुकडा राहिला. जुन्या लोकांचं मटेरियल खराब होतं. मी वेळेवर शोधून काढलं नाहीतर काकूंना कधीतरी लागलं असतं.
नवीन पातं बनवतो. सेम टु सेम. काकूंना कळणार पण नाही.

१९ फेब्रुवारी
चार दिवस झाले. काकूंना सांगितलं, मटेरियल रेस्टला ठेवलंय. त्यांनी विचारलं, विळीला कसला आराम? मी म्हणालो, नवीन टेक्नॉलॉजी आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार
नवीन पातं क्रमांक १. सळईचं. कांद्यावर वाकलं.

१ मार्च
क्रमांक २. वाकलं नाही. चिरलंही नाही.
काकू सध्या छोट्या सुरीवर तीस डब्यांचं चिरतायत. आई म्हणाली, त्यांचं बोट कापलंय, डबे उशिरा जातायत, दोन पोरांनी डबा बंद केला. मला का ऐकवते? मी काय रिकामा बसलोय?

५ मार्च
दीक्षाचा मेसेज: "आईची विळी कधी देतोस?"
'कधी' असं विचारलंय. म्हणजे देणार यावर विश्वास आहे.
रिप्लाय टाकला: दर्जाच्या कामाला वेळ लागतो, क्वालिटीवालीला मी काय सांगणार. शेवटी एक स्माईली. ब्लू टिक आली. बास.

८ मार्च
क्रमांक ३. आधी तेलात बुडवून बघितलं, मग मिठाच्या पाण्यात, मग शेवटी लिंबाच्या सरबतात. व्हिडिओच्या कमेंटमध्ये एकाने लिहिलं, दादा, सरबताला गाळणी चांगली झालीय. त्याला उत्तर लिहिता लिहिता दुपार गेली.

११ मार्च, मंगळवार
क्रमांक ४ ला तडा गेला. मी हातोडा फेकला. जोरात नाही. पत्र्यावरून शेजारच्या गोजाबाईंच्या पाण्याच्या ड्रममध्ये. म्हणजे ड्रममधून. पाणी चाळीपर्यंत गेलं. गोजाबाई म्हणाल्या, मेल्या, एवढा जोर हाय तर कंपनीत का जात न्हाईस. मी पण दोन शब्द बोललो. आईने मध्ये पडून मला आत घेतलं आणि माझ्याच फोर्जच्या जागेत गोजाबाईंचा फुटका ड्रम नेऊन ठेवला.
गरम व्हायला लागलंय. आई कूलर कुठंय विचारते. कूलर जागेवरच आहे. फॅन नाही.

१२ मार्च. संध्याकाळी
काकू स्वतः आल्या. बोटाला पट्टी. म्हणाल्या, धार राहू दे बाबा, तसंच परत दे, मी चालवून घेईन. मी म्हणालो, उद्या. त्या म्हणाल्या, तू उद्याच म्हणतोस रोज. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मलाही बोलता आलं असतं.
जिन्यावर दीक्षा उभी होती. आत आली नाही.

१३ मार्च, गुरुवार
पप्पांची सुट्टी. मी उठायच्या आत शेडमध्ये गेले होते. हातात तो जळका तुकडा. विचारलं, कोणाचं? मी सांगितलं. किती तापवलंस? म्हणालो, पांढरं होईपर्यंत.
पप्पा बराच वेळ तुकडा उलटा-पालटा करत राहिले. मग म्हणाले, "पांढरं झालं की लोखंड जळालं. मग देवाच्या बापाला पण परत करता येत नाही."
एवढंच. ओरडले नाहीत. चहा न पिता गॅरेजवर गेले, टेम्पोच्या स्प्रिंगचा, म्हणजे कमानीचा, तुटका पाटा घेऊन आले. फॅन दोन इंच खाली सरकवला. यावेळी मी तो तिथेच राहू दिला.
मग दोघांनी मिळून पातं बनवलं. म्हणजे तापवणं, ठोकणं, वाक देणं, पाणी देणं आणि धार पप्पांनी. आयडिया मूळची माझी. नारंगी झालं की बाहेर, काळं पडायला लागलं की आत. नुसती हनुवटी हलवायचे आणि मी फॅन चालू-बंद करायचो. दीड तास लागला. माझे सव्वीस दिवस रिसर्चचे.
बुडवायच्या आधी पप्पांनी थांबवलं. नाव घालायचं तर आत्ताच घाल, पाणी दिल्यावर पंच बसत नाही म्हणाले. मी SANGHARSH ठोकलं. पप्पांनी बघितलं. स्वतःच्या नावाचं विचारलं नाही.

१४ मार्च
पातं दिलं, पाटावर बसवलं. काकूंनी पाय दुमडून पाटावर ठेवला आणि एक कांदा चिरला. मग दुसरा. मग पुढचे सगळे. मी बसून बघत होतो. घरातलाच असल्यासारखा.
पातं नवीन आहे हे त्यांना हात लावताच कळलं होतं, जुनं मागितलं. मला वाटलं विसरतील. जळका तुकडा खिशात होता, दिला. त्यांनी तो वर्तमानपत्रात नाही, पदराच्या कोपऱ्यात बांधला. आत्ताच कांदे चिरले होते म्हणून डोळे ओले होते की काय ते कळलं नाही.
दीक्षाने कानस काढली. धारेवर ओढली. घसरली. परत ओढली. भुगा नाही. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट बघितलं. विचारलं, "हे तू केलंस?"
मी हो म्हणालो.
नावच होतं ना त्यावर.

१५ मार्च
झोप उत्तम. भूक उत्तम. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर घरी लग्नाचा विषय काढायचा. आधी पप्पांशी, उजव्या बाजूने.
भविष्यात दीक्षा कंपनी नको म्हणाली तर सोडेल नोकरी. नाही सोडली तरी चालेल. क्वालिटी चेकिंग घरातच होईल.

२१ मार्च, शुक्रवार
काकूंनी घरी बोलावलं. शिरा केला होता. मी नवीन शर्ट घातला.
दीक्षाचं ठरलंय. मुलगा नाशिकचा, प्रज्ञेश नाव, वीज मंडळात आहे. लग्न चार मेला. बोलणी जानेवारीतच झाली होती म्हणे. म्हणजे धुराच्या मेसेजच्या आधी.
काकू म्हणाल्या, "रुखवतात सगळं विकतचं आहे. एक वस्तू तरी आपल्या माणसाच्या हातची असू दे. तसलीच विळी कर, दोघांचं नाव घालून."
आपल्या माणसाच्या.
दीक्षा आतून बाहेर आली आणि म्हणाली, घाई नाही, एप्रिलअखेर दिलीस तरी चालेल. आणि मग, तुझं काम खरंच चांगलं आहे, संघर्ष.
मी हो म्हणालो. शिरा दोनदा घेतला. नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं.

२४ मार्च, सोमवार
ही मी एकट्याने करणार. पप्पा नाहीत, कोणी नाही. नाशिकला रोज भाजी चिरताना माझा हात त्या घरात असेल. कमानीचा पाटा आणला. फॅन दोन इंच खाली. नारंगी. सगळं बरोबर.
मग तिचा विचार आला आणि पांढरं झालं.

२ एप्रिल
दुसरा पाटा. तोही.
सळई घालून द्यावी का असं एक मिनिट वाटलं. नाशिकला कांद्यावर वाकेल. मग ती कानस काढेल.

३ एप्रिल, गुरुवार
पप्पांना म्हणालो, शिकवा. सकाळी, ते दाढी करत असताना. उजव्या बाजूने. त्यांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, आधी राख काढ भट्टीतली, चार दिवसांची साचलीय.
दोन पाती घडवली. माझं वाकडं, मोडीत. पप्पांचं चांगलं, तेच घ्यायचं ठरलं. मला कुठे थांबायचं ते अजून दिसत नाही. पप्पा म्हणाले, दिसेल, मला दोन वर्षं लागली. मला वाटायचं ते नुसतं धरतात.
मग नाव. पातं थंड झालं, मी पंच लावले. DIKSHA. पहिली सहा अक्षरं सवयीची होती, भरपूर वेळा मनात ठोकलेली. पुढे P लावला आणि हात थांबला.
मी पप्पांच्या डाव्या कानाच्या बाजूला बसलो होतो. मी हळूच म्हणालो, पप्पा, मला ती आवडायची.
ऐकूच गेलं नसणार. थोड्या वेळाने उठले, फिरून माझ्या समोर आले आणि पातं दोन्ही हातांनी ऐरणीवर घट्ट दाबून धरलं.
"मार. हलू देत नाही मी."
PRADNYESH. नऊ अक्षरं. एकही वाकडं गेलं नाही. पप्पा म्हणाले, लाईन सरळ आलीय. माझ्या कामाला एवढं पहिल्यांदाच म्हणाले.
मग परत तापवून पाणी दिलं.
संध्याकाळी कूलरचा फॅन परत बसवला. आई समोर बसली, पदर बाजूला करून, डोळे मिटून. हवेला कोळशाचा वास येतोय म्हणाली. चालेल म्हणाली.