पत्रकातील ‘जगात कोणी नाही’ ही ओळ खोडण्याबाबत

दिनांक : १४ जानेवारी १९९७

प्रति,
मा. मदत अधिकारी साहेब,
परदेशस्थ माजी सैनिक साहाय्य निधी,
पश्चिम विभाग कार्यालय, पुणे.

अर्जदार : भगवंत सोनू सुरवाडे, वय ७४, माजी शिपाई, राहणार रेल्वे फाटकामागे, डिंडोली, सुरत.

अर्ज लिहून देणार : पांडुरंग बोरसे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार तेथेच. (अर्जदाराची नजर अधू आहे आणि अक्षरओळख सहीपुरती.)

विषय : आपल्या निधीच्या पत्रकात अर्जदाराच्या फोटोखाली छापलेली ओळ खोडून त्या जागी ‘यास एक मुलगी आहे’ असे छापणेबाबत, व त्यापायी मदत बंद होत असल्यास ती खुशाल बंद करणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्रक, ऑक्टोबर १९९६. २) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. ११ नोव्हेंबर १९९६. ३) त्यास आपले उत्तर, दि. २० डिसेंबर १९९६.

महोदय,

१. अर्जदार दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या कंपनीत शिपाई होता. बर्माच्या डोंगरात दारूगोळ्याच्या पेट्या खेचरांच्या पाठीवर लादून त्याने वर पोचवल्या. भरती लढाईपुरती असल्यामुळे लढाई संपताच त्यास घरी पाठवले, पेन्शन नाही. पुढे शिंदखेडे तालुक्यातले गाव सोडून तो सुरतला आला आणि गिरणीत तीस वर्षे काढली. अशा बिनपेन्शनीच्या म्हाताऱ्यांसाठी विलायतेतले लोक दर नोव्हेंबरात थंडीवाऱ्यात देणगीचे डबे घेऊन उभे राहतात, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीची कागदाची लाल फुले विकतात, बाया घरून केक करून आणतात, आणि जमलेली मदत आपल्या कार्यालयामार्फत इकडे येते. त्यांच्या हिशेबी हिंदुस्थान परदेश, म्हणून डिंडोलीत बाजेवर बसलेला अर्जदार ‘परदेशस्थ’. त्याबद्दल तक्रार नाही. खानदेशातून आलेल्याला सुरत हाही परमुलूखच होता.

२. या मदतीची बातमी पेपरात वाचून अर्जदाराला सांगणारी, फौजेचा डिस्चार्जचा कागद पत्र्याच्या पेटीतून शोधून काढणारी आणि आपला फॉर्म भरून पोस्टात टाकणारी बाई म्हणजे अर्जदाराची मुलगी प्रज्ञा. धर्मांतराच्या पुढच्या वर्षी झाली म्हणून हे नाव. ती डिंडोलीतच, फाटकाच्या पलीकडे तिसऱ्या गल्लीत राहते. पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्याकडून साड्यांचे गठ्ठे आणून घरी फॉल लावते. अर्जदाराची पत्नी वारली, मुलगा धम्मरत्न सन १९८८ मध्ये काविळीने गेला. तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा प्रज्ञाच आणत आली आहे. नऊ वर्षे. मध्ये खाडा नाही.

३. गेल्या फेब्रुवारीत आपले चौकशी साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. प्रज्ञाने सकाळीच येऊन बापाच्या सदऱ्याला इस्त्री केली होती, पदके चिंचेने घासून लखलखीत केली होती आणि स्वतःच्या हाताने छातीवर टाचली होती. दारात तिची सावली पडते म्हणून फोटोवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितले. ती बाहेर गेली, आणि गेलीच आहे तर साहेबांसाठी चहा टाकावा म्हणून शेजारच्या कमलकडे गेली.

४. तेवढ्यात चौकशी साहेबांनी विचारले, ‘बाबा, मागे कोण आहे?’ अर्जदाराने उत्तर दिले, ‘माले कोनी नही, सायेब.’

हे वाक्य अर्जदाराने उच्चारले आहे, हे तो कबूल करतो. साहेब पदरचे लिहीत नव्हते. आता असे कसे बोलला, याचा खुलासा. अर्जदाराच्या गावात ‘मागे कोण’ म्हटले की मुलगे मोजतात. मुलगी दिल्या घरची. तिची मोजणी तिकडे. त्यामुळे धम्मरत्न गेल्यापासून अर्जदाराच्या तोंडी हेच उत्तर बसले होते आणि ते देताना आपण काही खोटे बोलतो असे त्याच्या मनातही आले नाही. अर्ज लिहिणाऱ्याला हे ऐकून राहवले नाही, तो स्पष्टच बोलला, की अरे भल्या माणसा, लेकीचे नाव प्रज्ञा ठेवलेस, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावलीस. धर्म बदलला आणि मोजणी तेवढी जुनीच ठेवलीस होय? आपण रागावू नये, रागवायचे तेवढे इथे रागावून झाले आहे.

पुढे साहेबांनी विचारले, जेवणाचे काय? अर्जदार म्हणाला, ‘डबा येस.’ म्हणजे येतो. कुठून येतो हे साहेबांनी विचारले नाही आणि अर्जदाराने सांगितले नाही. इतक्यात शेजारच्या घरातून प्रज्ञा चहा घेऊन आली. साहेबांनी तो घेतला, चांगला झाला आहे असेही म्हणाले. साहेब, तो चहा आणणारी कोण, एवढे तरी विचारायचे!

५. ऑक्टोबरात पत्रक आले. इंग्रजीत छापलेले, वर अर्जदाराचा बाजेवर एकट्याने बसलेला फोटो, आणि सोबत आपल्या कार्यालयाने टंकलिखित करून, गोल शिक्का मारून जोडलेला मराठी तर्जुमा. संध्याकाळी प्रज्ञा डबा घेऊन आली तेव्हा अर्जदाराने मोठ्या हौसेने तो कागद तिच्या हातात दिला आणि वाचून दाखव म्हणाला. शेजारच्या कमललाही ऐकायला बोलावले. प्रज्ञाने वाचले. बर्मा वाचले, खेचरे वाचली. मग वाचले, ‘या वृद्ध सैनिकास जगात कोणी नाही. एक दयाळू शेजारीण डबा देते म्हणून तो जगला आहे.’

ती थांबली नाही. कागद शेवटपर्यंत वाचला, निधीला सढळ हाताने मदत करा हेही वाचले. घडी घातली. डबा उघडून ताट वाढले, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवला, आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते, असे अर्जदाराचे म्हणणे आहे.

६. त्या दिवसापासून प्रज्ञा आली नाही. डबा मात्र रोज येतो. ती तो फाटकापर्यंत आणते, आणि तिथून कमल घेऊन येते. कमल बाई चांगली आहे. म्हणजे पाहा साहेब, आपल्या पत्रकातली ओळ छापली तेव्हा खोटी होती; छापून आल्यामुळे खरी झाली. आता अर्जदाराला खरोखरच शेजारीण डबा देते.

७. अर्जदार दोन वेळा काठी टेकत मुलीच्या घरी गेला. तिने हाकलले नाही. ‘या, बसा. चहा घेता का?’ म्हणाली. खुर्ची दिली. पाहुण्यांचा स्टीलचा ग्लास काढला. एकोणचाळीस वर्षे जी मुलगी बापाशी अहिराणीत ‘तू’ म्हणून भांडली, तिने बापाला ‘तुम्ही’ म्हटले. फौजेत अर्जदाराने पुष्कळ ऐकून घेतले, गिरणीत ऐकले, पण इतके लागेल असे कोणी कधी बोलले नव्हते. तो म्हणाला, पोरी, चुकीने बोललो. त्यावर ती साडीवरची नजर न काढता म्हणाली, ‘सरकारी शिक्क्याचा कागद आहे बाबा. तो खोटा कसा असेल?’ बंदुकीची गोळी आणि तोंडचा शब्द परत येत नाही हे अर्जदाराला माहीत आहे. पण शिक्का आपला आहे. तेवढा आपल्याला परत घेता येईल.

८. पहिल्या अर्जावर आपण उत्तर दिलेत की, नातेवाईक असल्याबद्दल त्या नातेवाइकाचे स्वतःच्या सहीचे निवेदन जोडावे, अन्यथा दुरुस्ती होणार नाही. आणि नातेवाईक सिद्ध झाल्यास नियमाप्रमाणे मदत थांबेल.

मदत थांबवावी. त्याबद्दल शब्द काढणार नाही. पण सहीचे निवेदन आणायचे कुठून? जी बाई बापाच्या दारात पाऊल टाकत नाही, तिने ‘मी याची मुलगी आहे’ असे लिहून द्यावे, मग आपण तसे छापावे, मग ते वाचून तिने यावे! वरातीमागून घोडे ऐकले होते, इथे घोडे आल्याशिवाय वरात निघत नाही आणि वरातीवाचून घोडे यायला तयार नाही.

९. सहीऐवजी अर्जदार पुढील पुरावा देतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची हाकाटी झाली. मिळेल त्या गाडीने माणसे पळाली. अर्जदाराच्या गल्लीत एकवीस घरांना कुलपे लागली. त्याच दिवशी अर्जदाराला ताप भरला. ताप साधाच होता, पण तेव्हा साधा कोणता आणि दुसरा कोणता हे कोण पाहतो? लोक त्याच्या दारावरून तोंडाला फडके लावून धावत गेले. प्रज्ञाने नवऱ्याला आणि दोन्ही मुलांना गावी धाडले आणि स्वतः बापाच्या खोलीत येऊन राहिली. अकरा दिवस. औषधाच्या दुकानांत झुंबड असताना तीन तास उभी राहून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणल्या. पुरेशा नव्हत्या, तेव्हा बापाला दिल्या, स्वतः घेतल्या नाहीत. अर्जदार तिला म्हणाला, जा इथून, तुला लेकरे आहेत. ती म्हणाली, ‘तुले सोडीसन कथा जाऊ?’

तुला सोडून कुठे जाऊ, असा त्याचा अर्थ. आपल्या कार्यालयात अहिराणी समजणारे कोणी नसेल म्हणून दिला.

आणि त्यानंतर दीड वर्षाने हाच माणूस म्हणाला, माले कोनी नही. साहेब, अर्जदार हे सांगताना रडला आहे. कागदावर डाग दिसतो तो शाईचा नाही.

१०. डिसेंबरात विलायतेहून आपल्यामार्फत एक पार्सल आले. पत्रक वाचून तिकडच्या एका म्हाताऱ्या बाईने अर्जदारासाठी लोकरीचा मफलर विणून पाठवला आहे. सोबत कार्ड, त्याचा तर्जुमा आपल्या कार्यालयाने दिला : ‘तुम्हाला कोणी नाही असे समजू नका. आम्ही आहोत.’ सुरतेत मफलर कोण घालतो? तरी अर्जदाराने तो घातला आणि घामाघूम होऊन दिवसभर दारात बसला. बाई देवमाणूस आहे. पण ती ज्याच्यासाठी हळहळली तो माणूस अर्जदार नव्हे. त्या बाईची फसवणूक झाली याचे ओझे मनावर आहे. तरी तिला कळवावे की, मफलर मिळाला, ऊब फार आहे, आणि अर्जदाराला मुलगी आहे. तिचे हात गुणाचे आहेत. ती रागावलेली आहे, पण आहे.

११. आज उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सारी गल्ली पतंग घेऊन पत्र्यांवर चढली आहे, वरून पायांचे आवाज येतात. दरवर्षी या दिवशी प्रज्ञा तिळाची चिक्की आणून बापाच्या कवळीला चालेल अशी बारीक कुटून देत असे. आज डब्यात चिक्की आली. कुटलेली होती. कमल म्हणाली, काही निरोप नाही. अर्जदाराने ती अजून खाल्लेली नाही. आजच्या आज अर्ज लिहून दे म्हणून तो सकाळपासून या शिक्षकाच्या ओट्यावर बसून आहे आणि दर ओळीला विचारतो आहे, मुलगी आहे असे आले का लिहिण्यात? आले बाबा, आले.

१२. तरी विनंती अशी :

पत्रकातील ती ओळ खोडावी. नवे पत्रक सर्वांना पाठवणे शक्य नसेल तर एकच प्रत दुरुस्त करावी, त्यावर आपली सही व गोल शिक्का मारावा. मदत बंद केल्याचा हुकूमही त्यालाच जोडावा. मुलीपायी मदत सोडली हे तिला कळावे असा हेतू आहे, तो लपवून ठेवत नाही. पुन्हा फोटो काढणार असाल तर अर्जदार स्वखर्चाने दाढी करील, परंतु मुलगी शेजारी उभी असल्याखेरीज बसणार नाही. तिची सावली पडली तर पडू द्यावी.

आणि मुख्य विनंती. दुरुस्त कागद अर्जदाराच्या पत्त्यावर पाठवू नये. त्यास वाचता येत नाही. वाचून द्यायला हा शिक्षक आहे, कमलचा नवरा आहे, गल्लीत वाचणारे पुष्कळ आहेत. पण पहिला कागद ज्या आवाजात वाचला गेला त्याच आवाजात दुसरा ऐकल्याशिवाय अर्जदाराला तो मिळाला असे वाटणार नाही. म्हणून तो मुलीच्या पत्त्यावर जावा. ‘वडिलांस वाचून दाखवावा’ असे वर लिहावे. शिक्क्याचा हुकूम ती मोडणार नाही. निदान तेवढ्यासाठी फाटक ओलांडून येईल.

डबा येतो तेव्हा अर्जदार अजूनही दोघींच्या पावलांचे आवाज ऐकायला कान देतो. एकीचेच येतात. ते कमलचे असतात.

कळावे. उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही) भगवंत सोनू सुरवाडे
प्रज्ञाचा बाप

सोबत :

१) पत्रक व मराठी तर्जुमा. घडी प्रज्ञाने घातलेली आहे, जपून उघडावी.

२) टेट्रासायक्लिन कॅप्सूलचे रिकामे पाकीट, सन १९९४. पाहून परत करावे.

३) उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट. त्यावर ‘सौ. प्रज्ञा’ एवढ्या नावाखाली, पत्त्याच्या वर, ‘भगवंत सुरवाडे यांची मुलगी’ असे अर्जदाराने या शिक्षकाकडून गिरवून घेऊन स्वतःच्या हाताने लिहिले आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, दोन ठिकाणी गिचमीड झाली आहे. कार्यालयाने पत्ता पुन्हा टंकलिखित करावयाचा असल्यास करावा; ही एक ओळ मात्र खोडू नये.