या वर्षी चुना नको

किलमॅलकजवळ, ता. ६ ऑगस्ट १९२२

चि. सौ. नोनी हिस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

डाक बंद, आगगाडी बंद. हे पत्र अंडीवाल्याच्या टोपलीत बसून तुझ्या कॉर्कला येत आहे. अंडी फुटली नाहीत तर वाचायला मिळेल.

काल किलमॅलक पडले. दहा-बारा दिवस तोफा ऐकत जपमाळ ओढली. इंग्रजांशी केलेला तह मानणारे सरकारी शिपाई गावात शिरले, तेव्हा तह न मानणारे आधीच निसटले होते. माझा टाइगही त्यांच्याबरोबर समोरच्या बॅलिहूरा डोंगरात गेला. जाताना मागल्या दाराने दोन पाव घेतले, बसला मात्र नाही. मी म्हटले, इंग्रज गेले, आता भांडतोस कोणाशी? तर म्हणतो, आई, राजाच्या नावाची शपथ अजून गेली नाही. म्हटले, गवतही अजून आत गेले नाही!

पण एक कबूल करून गेला. शरदात फादर घरोघर फिरून मिस्सेची प्रार्थना करतात, ती या खेपेला आपल्या घरी येणार आहे. म्हणाला, डोंगरावरून आपले घर दिसते. तुझा रिवाज मला ठाऊक आहे, शनिवारी भिंतींना चुना आणि मंगळवारी मिस्सा. घर पांढरे दिसले की त्या मंगळवारी पहाटे मी तुझ्या चुलीपाशी गुडघे टेकीन. आपल्या बाबांचा हट्टीपणा पुरता उतरला आहे त्याच्यात. येणार म्हणजे येणारच.

तुझ्या मॉर्टीची खुशाली कळव. लोभ आहेच, तो लढाईने आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
आबिना

---

कॉर्क, ता. १६ ऑगस्ट १९२२

ती. आबिनाताईच्या सेवेशी, नोनीचा सा. न. वि. वि.

अंडी आणि पत्र दोन्ही शाबूत पोचली.

आमच्याकडे कोणाच्या ध्यानीमनी नसताना सरकारी फौज समुद्रातून आली. पॅसेजच्या धक्क्याला जहाजे लागली, आणि डोंगराकडे पळण्याआधी टाइगच्या लोकांनी बराकी पेटवल्या, पूल उडवले. तीन दिवस आकाश काळे होते. चौथ्या दिवशी दारावर थाप पडली. झडतीवाला शिपाई समजून मी झाडू उगारला, तर समोर सरकारी फौजेच्या हिरव्या डगल्यात आमचा मॉर्टी! जहाजातून उतरलेल्यांत तोही होता. बसल्या बसल्या चार बटाटे संपवले आणि पहिला प्रश्न टाइगचा. मावशीच्या घराला चुना देताना दोघांनी गाढवही पांढरे करून ठेवले होते, ते आठवून हसला.

ताई, त्याची नेमणूक तुमच्याच किलमॅलकला झाली आहे. पवित्र मारिया दोघांची गाठ न घालो.

धाकटीवर माया असू द्यावी.

आपली,
नोनी

---

किलमॅलकजवळ, ता. ५ नोव्हेंबर १९२२

चि. सौ. नोनी हिस आशीर्वाद. वि. वि.

बिशपांचे पत्र तुमच्या चर्चमध्येही वाचले असेल. जो सरकारविरुद्ध बंदूक धरील त्याला पापक्षमा नाही, प्रसाद नाही. मी मान खाली घालून ऐकले. शेजारची ज्यूड हॅनरहन मात्र मान वर करून माझ्याकडेच बघत होती.

आपल्या घरची मिस्सा मंगळवारी, २८ तारखेला ठरली. कळीचा चुना आणून ठेवला आहे, आदल्या शनिवारी हात मारीन. टाइग बघेल आणि येईल. फादर लिस्टन म्हणतात, बंदूक खाली ठेव म्हणजे पापक्षमा देतो. मला वाटते, आईच्या चुलीपाशी तो ठेवील. तू ये, आणि मॉर्टीलाही कळव. एकाच चुलीवर वाढलेली पोरे ती.

येण्याचे कर, सबबी नकोत.

तुझी ताई,
आबिना

---

कॉर्क, ता. २० नोव्हेंबर १९२२

ती. आबिनाताईस नोनीचा नमस्कार.

हे पत्र शनिवारच्या आत तुझ्या हाती पडो. एक प्रत डाकेने पाठवते, दुसरी अंडीवाल्याबरोबर.

शुक्रवारी डब्लिनला चार पोरांना गोळ्या घातल्या. गुन्हा एवढाच की जवळ पिस्तूल सापडले. आता हाच कायदा. टाइग तुझ्या दारात बंदुकीसकट धरला गेला, तर फादर बंदूक खाली ठेवून घेईपर्यंत कोणी थांबणार नाही.

आणि ताई, मी मूर्ख. मॉर्टी रजेवर आला होता, त्याला मी तुझे पत्र मोठ्याने वाचून दाखवले. त्याने चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाला, आई, आमचा साहेब डब्लिनचा, त्याला चुन्यातले काही कळत नाही. पण पलटणीत मावशीच्याच गावचा एकजण आहे, आणि घर पांढरे झाले की मिस्सेला पोरगा येणारच, हे तो साहेबाला सांगून बसला आहे. दाराशी गेला, परत फिरला आणि म्हणाला, मावशीला लिही, या वर्षी चुना हाताला बरा नाही.

मी येत नाही. मला तुझ्या डोळ्याला डोळा देववणार नाही. क्षमा केलीस तर तुझीच,
नोनी

---

किलमॅलकजवळ, ता. ३० नोव्हेंबर १९२२

चि. सौ. नोनी हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझी डाकेची प्रत काल आली! अंडीवाला शनिवारी सकाळी आला, तेव्हा मी कुंचला बुडवला होता, दाराशेजारी हातभर भिंत पांढरीही झाली होती. तुझे पत्र उभ्याने वाचले, आणि त्या ओल्या चुन्यावर गोठ्यातले शेण फासले. तीस वर्षांत ज्या घराला देव येण्याआधी चुना चुकला नाही, त्या घराला!

मंगळवारी सारा गाव हिरव्या शेवाळल्या भिंतींकडे बघत आत आला. ज्यूड म्हणाली, चुना महाग झाला का हो? मी म्हटले, नाही बाई, हात स्वस्त राहिले नाहीत. फादरांपाशी मात्र मी कबुली दिली, देवाला घाणेरड्या घरात बोलावले. ते म्हणाले, गोठ्यात जन्मलेल्याला शेणाचे काय?

शिपाई पहाटेपासून कुंपणाआड पडून होते. नऊ वाजता कंटाळून अंगणात आले, त्यांत मॉर्टी. त्याला दोन अंडी वाढली. दाराशेजारचा तो शेणाचा पो बघून म्हणाला, मावशी, तुझी भिंत इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.

टाइग आला नाही. देवाने ऐकले. पण नोनी, तिकडे त्याला काय वाटले असेल? आईने बिशपांचे ऐकले आणि दार लावून घेतले, हेच ना?

तुझ्यावर राग नाही. घरी ये.

तुझी ताई,
आबिना

---

किलमॅलकजवळ, ता. ६ जून १९२३

चि. सौ. नोनी हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

टाइगच्या वरिष्ठांनी बंदुका पुरून घरी जा असा हुकूम काढल्याचे वर्तमानपत्रात वाचले. शनिवारी मी सगळ्या घराला चुना दिला. मिस्सा नाही, सण नाही. ज्यूडला वाटले मला वेड लागले.

काल, मंगळवारी, सकाळी दार उघडले तर टाइग भिंतीला टेकून उभा. काठीसारखा वाळला आहे. बंदूक नव्हती. मी रडत त्या नोव्हेंबरचे सांगू लागले, तर म्हणतो, आई, मी डोंगरावरच्या झुडपात पडून बघत होतो. भिंत मळकीच आणि अंगणात फादरांचा टांगा! मी मनाशी म्हटले, देव आला तरी जी चुना देत नाही, ती मलाच काही सांगते आहे.

मग जेवला. या वेळी बसून.

दुपारी शिपाई आले. तुरुंग चुकणार नाही, पण गोळी चुकली. मॉर्टीने त्याचे हात बांधू दिले नाहीत. दोघे बरोबर चालत गेले. टाइगच्या डगल्यावर मागे भिंतीचा चुना लागला होता, आणि वळणापर्यंत मला दिसत होते, मॉर्टी हाताने तो झटकत होता.

दोघांसाठी जप कर, आणि दोघांच्याही आयांवर लोभ ठेव.

तुझी ताई,
आबिना